‘क’ येतो, ‘म’ येतो, मग ‘कमळ’ का येत नाही?

माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. या महिन्याच्या टपालात वाचायला शिकवण्याबद्दलची पत्रं जास्त होती, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं आहे.

बाई, माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. आठ-नऊ मुलांना मुळाक्षरं पाठ आहेत, बाराखडी धडाधड म्हणतात, कुठल्याही अक्षरावर बोट ठेवलं की ओळखतात. पण ‘कमळ’ लिहिलं की ‘क… म… ळ’ म्हणून गप्प बसतात. शब्द काय झाला विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात. निपुण भारत अभियानाची चाचणी जवळ आली आहे. काय करू?
— शिक्षिका, सोलापूर जिल्हा

तुमची मुलं आळशी नाहीत आणि मंदही नाहीत. आपण त्यांना जे शिकवलं ते ती चोख करून दाखवतायत. अक्षर दिसलं की त्याचं नाव सांगायचं, एवढंच आपण शिकवलं. सुट्टे आवाज एका दमात जुळवायचे असतात, हे त्यांना कुणी करून दाखवलंच नाही. माझ्या पहिल्या वर्गात एक मुलगा ‘घर’ हा शब्द ‘घड्याळ, रथ’ असा वाचायचा. तक्त्यावर घ घड्याळाचा होता आणि र रथाचा. वर्षभर मी त्याला चित्रांची नावंच पाठ करायला लावत होते, हे त्या दिवशी मला कळलं. अजूनही तो प्रसंग आठवला की चुटपुट लागते.

तेव्हा आठ दिवस तक्ता गुंडाळून ठेवा आणि अक्षराशिवाय सुरुवात करा. आम्ही त्याला ‘कासवाची बोली’ म्हणायचो. कासव हळू चालतं, तसं ते हळू बोलतं. बाईंनी कासव व्हायचं: ‘कोपऱ्यातली बा… द… ली आण.’ जो ओळखेल तो पळत जाऊन आणेल. ‘क… प… बशी’, ‘ख… डू’, ‘फ… ळा’. दोन-तीन दिवसांत मुलंच कासव होतात आणि एकमेकांना कोडी घालतात. डोळ्यांपुढे अक्षर नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तुकडे ऐकायचे आणि शब्द पकडायचा, एवढंच काम. ज्या मुलाला हे कानाने जमत नाही त्याला ते डोळ्याने जमणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग चिंचोके काढा. प्रत्येकाला पाच-सहा पुरेत. फरशीवर खडूने आडवी रेघ मारायची. ‘कमळ’ म्हणताना क ला एक चिंचोका रेघेवर सरकवायचा, म ला दुसरा, ळ ला तिसरा. डावीकडून उजवीकडेच, आणि हात मुलाचाच. आता तर्जनी रेघेखालून सरकन ओढायची आणि न थांबता शब्द म्हणायचा. बोट जेवढं न थांबता जाईल तेवढा आवाज सलग येतो. बोट अडखळलं की शब्द तुटलाच समजा. हे एका वेळी एकाच मुलाजवळ उकिडवं बसून बघा, लांबून दिसत नाही.

इथे एक अडचण आपल्या लिपीची आहे, ती लक्षात घ्या. आपण ‘कमळ’ लिहितो तेव्हा ळ पूर्ण लिहितो, पण बोलताना शेवटचा अ गिळतो. ‘करवत’ लिहिताना चार अक्षरं, तोंडात मात्र ‘कर्-वत्’ असे दोनच झटके. मूल प्रत्येक अक्षर लांबवून ‘कऽ मऽ ळऽ’ म्हणतं, म्हणून त्याच्याच कानाला तो ओळखीचा शब्द वाटत नाही. तुम्ही स्वतः अक्षरं म्हणून दाखवताना लांबवू नका. शेवटच्या अक्षरावर तर अजिबात रेंगाळू नका.

यानंतर चिंचोक्यांच्या जागी अक्षरकार्डं ठेवा. सगळी एकदम आणू नका. चौतीस व्यंजनं धरली तर बारा चौतीस चारशे आठ, एवढी बाराखडी संपवून मग शब्द द्यायचा म्हटलं तर मुलाचं वर्ष संपतं आणि उत्साह त्याच्या आधीच संपतो. मी क, म, न, र आणि एक सुटा काना एवढ्यावरच सुरू करायचे. या पाच कार्डांच्या दोन-दोन प्रती घेतल्या की बघा काय काय होतं: कान, नाक, मान, रान, काम, मका, काका, मामा, नाना, रमा, कमान, मकान. ‘कान’ मांडा. काना जागचा हलवू नका, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंची कार्डं बदलायला सांगा. कानाचं नाक होतं! मुलं स्वतःचा कान धरतात, मग नाक धरतात आणि पुन्हा कार्डं बदलतात. हा खेळ मी कितीतरी वर्गांत घेतला, पण कार्डं फिरल्यावर पहिल्यांदा ‘नाक’ वाचणाऱ्या मुलाचा चेहरा दरवेळी नव्याने बघण्यासारखा असतो.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं वाक्य द्या. आमचं असायचं: ‘नाना, नका ना!’ सगळं त्याच पाच कार्डांतलं. एकाने नाना व्हायचं आणि दुसऱ्याची टोपी ओढायची, तिसऱ्याने फळ्यावरचं वाक्य वाचून ओरडायचं. वाचलेल्या शब्दाने समोरचा माणूस थांबतो, हे मुलाला तेव्हा दिसतं. हे जमलं की ल, स, त, प आणि वेलांटी आणा.

चाचणीची काळजी मी समजू शकते. पण २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारतचं ध्येयही तिसरी संपेपर्यंत मुलाने समजून वाचावं हेच आहे. त्या आठ-नऊ जणांना रोज परिपाठानंतर वीस मिनिटं वेगळी द्या. बाकीच्या मुलांना तेवढ्या वेळात गोष्टींची पुस्तकं हाताळू द्या. बाराखडी म्हणायला मात्र त्यांना पुन्हा बसवू नका.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. बालवाडीत पानभर ‘अ’ गिरवायला देतात. तो रडतो, पेन्सिल मुठीत धरतो. घरी सराव करून घेऊ का?
— एक आई, सांगली

नको. त्याची बोटं अजून तयार नाहीत. पेन्सिल मुठीत धरतो याचा अर्थच तो. घरी त्याला कणकेचा गोळा द्या, पोळ्या लाटताना शेजारी बसवा. शेंगा सोलू द्या, तांदूळ निवडू द्या, मणी ओवू द्या, अंगणात रांगोळीची चिमूट सोडू द्या. रांगोळी सोडताना अंगठा आणि दोन बोटं जशी जुळतात, तशीच ती पेन्सिलीवर जुळायची आहेत. अक्षर काढायचंच असलं तर ताटात बारीक रवा पसरा आणि बोटाने काढू द्या. चुकलं तर ताट हलवलं की पुसलं. आणि बालवाडीच्या ताईंशी एकदा शांतपणे बोला. अनेकदा पालकच वही भरलेली मागतात म्हणून त्या भरून घेतात.

गुरुजी म्हणून मला चार वर्षं झाली. माझ्या वर्गातली मुलं ‘पानी’, ‘लोनी’, ‘आय’, ‘पायजेल’ असं बोलतात आणि तसंच लिहितात. मी लाल पेनाने दुरुस्त करतो. आता काही मुलं लिहायलाच तयार नाहीत. शुद्ध भाषा शिकवायची की नाही?
— शिक्षक, सातारा जिल्हा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मीही हेच केलं होतं. एका मुलीने पाटीवर लिहिलं होतं, ‘मला पानी पायजेल’. मी ‘पानी’वर काट मारली, ‘पायजेल’वर काट मारली, वाक्यात ‘मला’ तेवढं उरलं. तिने पाटी पुसली आणि त्या आठवड्यात मला काही लिहून दाखवलं नाही.

आता तिचं वाक्य नीट बघू. तिने आपल्या तोंडातला आवाज ऐकला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला बरोबर अक्षर लावलं. ‘पायजेल’ ती जसं बोलते तसं अगदी अचूक उतरलं होतं. वाचन-लेखनातलं सगळ्यात अवघड काम तिने केलं होतं आणि मी त्यावर काट मारली. तिची आई, आजी जे बोलतात त्याला मी चूक म्हटलं, हे तर आणखी वाईट.

पुढच्या वर्षापासून मी वर्गात दोन दोऱ्या बांधल्या, एक खाली, एक वर. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. खालची दोरी ‘घरची’, वरची ‘पुस्तकाची’. मुलं घरचा शब्द चिठ्ठीवर लिहून खाली लावायची, मग आम्ही सगळे मिळून त्याचा पुस्तकातला जोडीदार शोधून बरोबर त्याच्या डोक्यावर लावायचो. आय – आई. व्हतं – होतं. लई – खूप. पायजेल – पाहिजे. म्हंजी – म्हणजे. दिवाळीपर्यंत दोऱ्या भरून जायच्या. खालची दोरी आधी भरायची, आणि ते बरंच होतं, कारण मुलांना आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे हे दिसायचं. काही शब्दांना वर जोडीदार सापडायचाच नाही. वैरणीचे, शेळ्यांच्या रंगांचे, पाऊस हुलकावणी देतो त्याचे शब्द. ते आम्ही तसेच वर चढवायचो. गोष्ट लिहिताना कोणत्या दोरीवरचा शब्द घ्यायचा हे मूल ठरवेल. पत्र, अर्ज, उत्तर लिहिताना वरच्या दोरीवरचा घ्यायचा. एवढा नियम पहिलीच्या मुलालाही कळतो.

शुद्ध भाषा शिकवायची का, तर हो, शिकवायची. तिच्यावाचून या मुलांचं पुढे अडतं. पण तिच्यासाठी घरचा शब्द मारावा लागत नाही.

‘ण’ उच्चारायला मात्र शिकवावा लागतो, नुसता ‘ण म्हण’ म्हणून तो येत नाही. मुलाला सांगा, ‘ड’ म्हण. जीभ वर वळून टाळूला लागली ना? आता तिथंच चिकटवून ठेव आणि नाकातून आवाज काढ. निघाला ‘ण’. खात्री करायला बोटांनी नाक दाबून म्हणायला लावा, आवाज कोंडतो. मग ‘न’ म्हणायला लावा, जीभ खाली दातांकडे येते. नाक दाबून न आणि ण आळीपाळीने म्हणणं हा आमच्या वर्गातला फार आवडता खेळ होता, आणि त्यात कुणाला कमी लेखायचा प्रश्न येत नाही, सगळेच नाक दाबून बसलेले. नंतर मन आणि मण अशी जोडी द्या. शेतकऱ्याच्या मुलाला मणभर ज्वारी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

तुमच्या त्या न लिहिणाऱ्या मुलांसाठी एक करा. उद्या वर्गात गेल्यावर पाठ्यपुस्तक न काढता विचारा, काल घरी काय झालं? आमच्याकडे एकदा एक मुलगा धावत येऊन म्हणाला, ‘आमची शेरडी व्याली!’ मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं: ‘आमची शेरडी व्याली. दोन करडं झाली. एक काळं, एक पांढरं. काळं लई उड्या मारतं.’ बोट फिरवत सगळ्यांनी वाचलं. मग तीच वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहिली, पट्ट्या विस्कटल्या आणि क्रमाने लावायला दिल्या. दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापून शब्द सुटे केले. ज्याला ‘व्या’ हे जोडाक्षर शिकवलंच नव्हतं तोही ‘व्याली’ ओळखत होता, कारण तो शब्द त्याच्या गोठ्यातून आला होता. लाल पेन मात्र काही महिने कपाटात ठेवा.

शाळेला अनुदान तुटपुंजं आहे. लॅमिनेशन केलेले तक्ते, फ्लॅश कार्डांचे संच परवडत नाहीत. साहित्य कुठून आणावं?
— मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा

बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य त्यांच्यापुढेही परवडण्यापलीकडचं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शिंपले, पानं, बिया, खडे, काड्या अशा भोवतालच्या वस्तू घेतल्या. पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या कुरणशाळा उभ्या राहिल्या त्या याच वस्तूंच्या जोरावर. आपल्याकडे साहित्याची ही वाट तेव्हाच घालून दिलेली आहे.

लग्नसराई संपली की गावातून लग्नपत्रिका गोळा करा. जाड कागद, मागची बाजू कोरी. एका पत्रिकेची सहा-आठ कार्डं होतात आणि वर्षभर टिकतात. पुढची बाजूही वाया घालवू नका: तिच्यावर गावाचं नाव, वार, तारीख ठळक अक्षरात असते, मुलांना ओळखीची नावं शोधायला लावा. भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेच्या पानांवर महिन्याचं आणि वाराचं नाव मोठ्या टायपात असतं, तीही कापून ठेवा. बिस्किटाचे पुडे, चहापत्तीच्या पिशव्या, खताची गोणी, एसटीच्या पाट्या, सगळं वाचण्यासारखं आहे. एका दिवशी मुलांना रिकामं पाकीट आणायला सांगा आणि वर्गात किराणा दुकान मांडा. दुकानदाराला यादी वाचून माल द्यायचा, गिऱ्हाइकाला यादी लिहायची. दोघांनाही वाचल्या-लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

लॅमिनेशन केलेला तक्ता मला खरं तर फारसा आवडत नाही. तो भिंतीवर उंच लागतो आणि मुलाचा हात तिथवर पोचत नाही. जे कार्ड मळलं, ज्याचे कोपरे दुमडले, त्याच्याशी मुलं खेळली आहेत एवढं नक्की. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांना माझा कार्डांचा मळका डबा पसंत पडला नव्हता. मुलांनी त्यातून वाक्यं लावून दाखवल्यावर त्यांनी पुढे काही म्हटलं नाही.

आम्ही बेंगळुरूत राहतो. मुलगी तिसरीत आहे, शाळेत हिंदी शिकते म्हणून देवनागरी येते. मराठी वाचते पण ‘बाळ’चं ‘बाल’ करते, आणि ‘चाक’ हिंदीसारखं म्हणते. घरच्या घरी काय करता येईल?
— एक वाचक

तुमचं अर्धं काम त्या गावानेच केलं आहे. कन्नडमध्ये ळ भरपूर आहे. पाऊस म्हणजे मळे, खेडं म्हणजे हळ्ळी, डाळ म्हणजे बेळे, आणि बेंगळूरु या नावातच तो आहे. तिच्या कानावर तो रोज पडतो, तेव्हा तिला म्हणा, तुझ्या गावाच्या नावातलं ते अक्षर मराठीत असं लिहितात. मग स्वयंपाकघरात ळ ची शोधाशोध करा: डाळ, गूळ, केळं, जायफळ, पोळी, गाळणी, मुसळ. ज्या वस्तूच्या नावात ळ असेल तिला चिठ्ठी चिकटवायची. मराठीत च दोन तऱ्हांनी म्हणतात, म्हणून च साठी दोन वाट्या ठेवा. एका वाटीत चहा, चार, चिमणी. दुसरीत चाक, चमचा, चूल. आधी तुम्ही शब्द म्हणायचा, ती ऐकून चिठ्ठी वाटीत टाकेल. ‘चार’ आणि ‘चारा’ वेगवेगळ्या वाट्यांत जातात हे तिला तिचं तिलाच सापडू द्या.

बाई, माझ्या वर्गातली अकरा मुलं दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. तोवर वाचायला आलेलं विसरलेली असतात. दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात. मन खचतं.
— शिक्षक, बीड जिल्हा

काही मुलं हंगामी वसतिगृहामुळे गावात राहू शकतात, त्यासाठी आधी धडपड कराच. जी जातात त्यांचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, भरून हातात द्या. पण कार्डाने अक्षर टिकत नाही, म्हणून त्याच्याबरोबर एक पिशवीही द्या.

आमच्याकडूनही मुलं जायची. मी प्रत्येकासाठी जुन्या साडीची छोटी पिशवी शिवून घ्यायचे. आत काय: लग्नपत्रिकेची वीस-पंचवीस कार्डं, पाटी, चार खडू, एखादं पातळ गोष्टीचं पुस्तक, आणि एक शिवलेली वही. वहीच्या पहिल्या पानांवर त्याच मुलाने सांगितलेली आणि मी लिहिलेली वाक्यं. स्वतःची वाक्यं मूल विसरत नाही, शंभरदा वाचतं. पुढची पानं कोरी. जाण्याआधी मोठ्या भावंडाला बोलावून नाक-कानाचा खेळ आणि चिंचोके शिकवायचे, कारण कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, शिकवणारं तेच असतं. आईला एवढंच सांगायचे की झोपताना दोन ओळी वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल, मूल वाचेल, तुम्ही ऐका. आणि मुलांना काम द्यायचे: ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर जे लिहिलेलं असतं ते कोऱ्या पानांवर उतरवून आणा. ‘आईचा आशीर्वाद’पासून गावांच्या नावांपर्यंत कितीतरी पानं भरून यायची.

परत आल्यावर त्यांची चाचणी घेऊ नका. ती काय विसरली हे मोजण्याआधी काय घेऊन आली ते विचारा. एका मुलीने आल्या आल्या मला सांगितलेले शब्द मी फळ्यावर लिहिले होते: कोयता, मोळी, वाढं, कोपी, गाडी. गावात राहिलेल्या मुलांनी तिला वाढं म्हणजे काय विचारलं. ती उठली, छडी घेतली, उसाच्या शेंड्याची हिरवी पानं कुठून तोडतात ते हवेत दाखवलं, गुरांसाठी ती कशी विकतात ते सांगितलं. मग ते वाक्य तिनेच फळ्यावर लिहिलं. ‘मोळी’तला ळ उलटा काढला होता. तिने मागे सरून बघितलं, पुसला आणि सरळ केला.

तुमच्या अकरा जणांचं पहिलं पाठ्यपुस्तक ते परत येतील त्या आठवड्यात त्यांच्याच सांगण्यातून तयार करा. एकेका पानावर एकेकाची दोन-तीन वाक्यं, अकरा पानं. सगळ्या वर्गाला तेच वाचायला द्या. आणि येत्या दिवाळीआधी पिशव्या शिवायला बचत गटाच्या बायकांना आताच सांगून ठेवा, ऐनवेळी ट्रक रात्रीच निघतात.